आमदारबाईंचा भाऊ

लोमेन, १४ नोव्हेंबर १९७०

प्रिय हॅल्वर,

तुझा पत्ता बोर्गहिल्डकडून मिळाला. मावशीची बोर्गहिल्ड. तिचा नवरा उन्हाळ्यात अलास्काला मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. केचिकनच्या धक्क्यावर त्याला आपल्यापैकीच एक नॉर्वेजियन माणूस दिसला, कुणाशी बोलत नव्हता, आणि त्याचे कान थेट आपल्या बाबांसारखे होते म्हणे. नुसत्या कानांवरून माणूस सापडतो, हे मला नवीनच. तू तो नसशील, तर हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांनी माफ करावं.

तू असशील, तर मी सोल्वेग. तू घर सोडलंस तेव्हा बारा वर्षांची होते, आता चव्वेचाळीस. बाबा अठ्ठावन्न साली गेले, आई त्यानंतर पाच वर्षांनी. शेत विकलं. माझं लग्न इथल्या रोआल्ड हेग्दालशी झालं. त्याचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि तो आमदारही होता. मागच्या महिन्यात दुकानात पोती रचताना खाली बसला तो उठलाच नाही. आम्हाला मूल नाही.

सेल्मर आहे. खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. आपला सेल्मर अजून टेकडीवरच आहे. मतिमंदांच्या त्या संस्थेचं सरकारी नाव अजून तेवढंच लांबलचक आहे, आणि लोमेनमध्ये अजून सगळे तिला टेकडीच म्हणतात. सात वर्षांच्या त्या पोराला तिथे सोडून बाबा घरी आले, आणि त्याच संध्याकाळी तू त्यांच्या अंगावर धावून गेलास आणि मालगाडीत चढलास. तो सात वर्षांचा पोर आता एकोणचाळीसचा आहे. डोक्यावरचे केस विरळ झालेत. बोलतो, थोडं थोडं. मी दर रविवारी जाते. डॉक्टरने आईला सांगितलं होतं, भेटायला येऊ नका, काही महिन्यांत तो तुम्हाला विसरेल. आईने ते ऐकलं. मी माझ्या लग्नानंतर ऐकलं नाही.

तर झालं असं, की मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, आणि आपल्या लोकांनी मेलेल्या रोआल्डला निवडून दिलं. परवा पक्षाची तीन माणसं स्वयंपाकघरात येऊन बसली.

“सोल्वेग, त्याच्या जागी तूच जा. लोकांना आडनाव ओळखीचं आहे.”

“तिथे करायचं काय असतं?”

“काही नाही गं. हिवाळ्यात दोनेक महिने बसायचं. कुठे हात वर करायचा ते आम्ही सांगू.”

मी म्हटलं, विचार करून सांगते. पण त्यांच्या कपात कॉफी ओतता ओतताच माझं ठरलं होतं.

तुझी बहीण,
सोल्वेग


राजधानी, ७ फेब्रुवारी १९७१

प्रिय हॅल्वर,

डबा पोचला. धुरावलेला सामन मासा आहे हे कळलं, पाठवणारा तू आहेस हेही कळलं, पण आत कागद नव्हता. मी डबा रिकामा करून, उलटा करूनसुद्धा पाहिला. असो. मासा फार चांगला होता. तीन दिवस पुरवून खाल्ला.

मी इथे एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली आहे. विधानभवनाच्या बाजूला तळं आहे, जमिनीतून कोमट पाणी वर येतं म्हणून ते गोठत नाही, आणि हजारो रानहंस हिवाळाभर तिथेच मुक्काम ठोकतात. सकाळी जाताना त्यांच्या कलकलाटातून जावं लागतं. आत गेलं की तसलाच कलकलाट, फक्त टाय बांधलेला.

बायका आम्ही मोजक्याच. बायकांची मोरी दोन मजले खाली आहे. मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी न बघताच कप पुढे केला, “साखर नको, पोरी.” मी कप भरून आणून दिला आणि म्हटलं, “उद्या तुमची पाळी. मला साखर लागते.” तो इतका लाजला की दुसऱ्या दिवशी खरोखरच घेऊन आला. आता रोज आणतो. साखर विसरतो.

मी सभागृहात बोललेही. रोआल्ड गेल्यावर कराच्या कचेरीतून एक तरणा माणूस आला होता. म्हणाला, सगळं दुकान नवऱ्याचं धरून वारसा-कर लागेल, तुम्ही त्यात काही कष्ट केले असतील तर पुरावा द्या. बावीस वर्षं मी त्या दुकानात उभी होते, हॅल्वर! शेतकऱ्यांच्या बायकांचं तर विचारूच नकोस. तेव्हा मी विधेयक मांडलं, की नवरा-बायकोचं म्हणून जे आहे ते निम्मं बायकोचं, पुरावा मागू नये. पडलं. पण एक म्हातारे सदस्य बाहेर मला गाठून म्हणाले, “बाई, मत मी विरोधात दिलं. पण घरी गेल्यावर हिच्याकडे बघवणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आणा.” आणणार आहे.

इथे माणसं आहेत, गप्पा आहेत, मजेत आहे मी. रात्रीचं जेवण पुरुष सगळे हॉटेलात एकत्र घेतात. मी खोलीवर सूप गरम करते. मला तसं बरंच पडतं.

दर रविवारी मात्र लोमेनला पोचणं जमत नाही, वादळं असतात. सेल्मर रविवारी दारात उभा राहतो, असं माझी शेजारीण लिओना सांगते. ती टेकडीवर कामाला आहे, त्याच्याच वॉर्डात.

सोल्वेग


लोमेन, २२ सप्टेंबर १९७३

प्रिय हॅल्वर,

मी पुन्हा निवडून आले, या वेळी जिवंतपणी. बायकांच्या वारशाचा कायदाही झाला. पण आज लिहितेय ते वेगळंच आहे. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि इथे दुसरं कुणी नाही.

सरकारी संस्थांच्या समितीत मला घातलंय. अध्यक्ष ओटिस ब्रॅन्स्टन, नदीच्या पश्चिमेकडचे गुरांचे मोठे मालक. उंच, फारसं न बोलणारे, टोपी फक्त चर्चमध्ये काढणारे. मंगळवारी समितीने टेकडीची पाहणी केली. प्रमुखांनी आम्हाला नवी इमारत दाखवली. परीटघडीच्या चादरी, खिडकीत जिरेनियमची फुलं, टेबलावर चिकटकामाचे कागद. सगळे माना डोलवत होते. परत फिरताना मी म्हटलं, “पश्चिमेची इमारत राहिली.”

प्रमुख म्हणाले, “तिथे रंगकाम चाललंय.”

“मी परवाच गेले होते. रंगाचा वास नव्हता.”

ओटिस म्हणाले, “दाखवा हो. रंग काय आम्हाला लागला तर धुऊन टाकू.”

त्या दाराला कडी बाहेरून आहे. आत काय होतं ते तुला लिहीत नाही. खाटांमध्ये चालायला जागा नाही, एवढंच. रविवारी नातेवाइकांना बाहेरच्या खोलीत बसवतात. मी लिओनाच्या ओळखीने दोन-तीनदा आत डोकावले होते, म्हणून मला ठाऊक. बाकीच्यांनी रुमाल नाकाला लावले. आणि तेवढ्यात पलीकडून एक चाकाची खुर्ची ढकलत सेल्मर आला. मला बघून तिथेच थबकला.

“सोली! आज रविवार नाही!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी हसून म्हणालं, “बाई, तुमच्या ओळखी दांडग्या दिसतात.” हसून सोडून देता आलं असतं. हॅल्वर, बाबांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं की धाकटा न्यूमोनियाने गेला. रोआल्डच्या प्रचारातही मी कधी काही बोलले नाही. लिओना सोडून गावात कुणाला माहीत नव्हतं; माझ्या रविवारच्या फेऱ्या लोक चर्चची सेवा समजायचे.

मी म्हटलं, “हा माझा भाऊ. सेल्मर ऑस्टगार.”

मग ओटिसनी टोपी काढली आणि हात पुढे केला. “मी ओटिस.”

सेल्मरने हात घेतला नाही. “तुझी टोपी मोठी आहे.”

“डोकं मोठं आहे रे. बघ तुला होते का.”

टोपी त्याच्या कानांपर्यंत आली. त्याने ती काढून खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावर ठेवली, खूश होऊन हसला, मग परत स्वतःच्या. ओटिसनी ती मागितलीच नाही. वाऱ्यात उघड्या डोक्याने गाडीपर्यंत गेले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “हेग्दालबाई, माझ्या जनावरांना मी यापेक्षा जास्त जागा देतो. लिहा काय लिहायचं ते.”

सोल्वेग


राजधानी, २ मार्च १९७५

प्रिय हॅल्वर,

विधेयक काल मंजूर झालं. ज्यांना बाहेर राहता येईल त्यांना गावोगावच्या लहान घरांत ठेवायचं, किंवा घरच्यांकडे, आणि टेकडी हळूहळू रिकामी करायची. दोन वर्षं लागली लिहायला आणि माणसं वळवायला. मतदानाच्या वेळी मी मतांच्या फळ्याकडे पाहिलंच नाही, माझं बटण दाबलं आणि हातांकडे बघत बसले. ओटिसनी मागून खांद्यावर थाप मारली तेव्हा कळलं. थोडक्यात झालं.

पण लोमेनचं तुला कळायला हवं. निम्मं गाव टेकडीवर नोकरीला आहे. परिचारिका, स्वयंपाकी, बॉयलरवाले, धोबीखान्यातल्या बायका. मी त्यांचीच आमदार.

गेल्या महिन्यात एक शनिवार-रविवार घरी होते, तेव्हा लिओना आली. हातात कुखन होता, तो सायीचा केक, जर्मन लोक करतात ना, तो. टेबलावर ठेवला पण कोट काढला नाही.

“सोली, खरं का गं?”

“काय?”

“उगाच भोळा चेहरा करू नकोस. टेकडी बंद करताय.”

“एकदम नाही, लिओना. ज्यांना बाहेर राहता येईल, त्यांना...”

“आणि आम्ही? आम्ही कुठे राहायचं ते लिहिलंय त्यात?”

मी म्हटलं, त्या लहान घरांनाही माणसं लागतील, तुमच्यासारखी अनुभवी लागतील. ती म्हणाली, “लागतील ना! एल्म फॉल्सला. राजधानीला. लोमेनला कोण घर काढणार? आमच्या फ्रेडचे गुडघे गेलेत, घर इथे, कबरी इथे. तू शिकवतेस मला, चूल उचला आणि चला?”

“तू आत असतेस. तुला तरी पटतं का ते सगळं?”

“पटतं?” ती खाली बसली. “मी एकटी चाळीस जणांना उठवते, धुते, भरवते. तुझ्या भावाला इतकी वर्षं आंघोळ मी घालते, सोली. त्याला गरम पाणी आवडत नाही हे तुला माहीत आहे का? जास्त माणसं मागायचीस सरकारकडे. दुसरी एक बाई दिली असतीस माझ्या हाताखाली. तू तर इमारतच बंद करून मागितलीस.”

माझ्याकडे उत्तर होतं. समितीत तीन वेळा दिलेलं होतं, आकड्यांसकट. तिच्यापुढे मी कुखन कापायला सुरी शोधत बसले.

ती उठली, कुखन उचलला आणि चालती झाली. फाटकापर्यंत गेली, परत आली, पायरीवर ठेवला. “सेल्मरला ने. त्याला काय कळतंय तुझं राजकारण.”

तिच्याशी माझी मैत्री लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासूनची. राग निवळेल. निवळतोच.

तुझा डबा मिळाला. या वेळी दोन होते. त्यातला एक सेल्मरचा समजायचा का?

सोल्वेग


लोमेन, २१ नोव्हेंबर १९७६

प्रिय हॅल्वर,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. उजवं मनगट जरा दुखावलंय, मागच्या पायऱ्यांवर बर्फ होता. काळजीचं काही नाही, डाव्या हाताने डबे उघडायला शिकले.

निवडणूक हरले. थोडीथोडकी नाही, सपाटून. लोमेनमध्ये तर माझ्या स्वतःच्या मतदान केंद्रावरही मला फारसं कुणी मत दिलं नाही. समोरचा उमेदवार टेकडीच्या बॉयलरवाल्याचा मुलगा होता. चांगला मुलगा आहे. शाळेच्या नाटकात मी त्याच्या दाढीला डिंक लावला होता. निकालानंतर मी त्याला फोन केला. म्हणाला, “हेग्दालकाकू, राग मानू नका हं.” मी म्हटलं, बायकांची मोरी वरच्या मजल्यावर आणायचं तेवढं राहिलंय, ते तू कर.

प्रचारात दारोदार फिरले. लोक दार उघडायचे, ऐकून घ्यायचे. इथली माणसं तोंडावर कधी वाईट बोलत नाहीत. फक्त आत या म्हणायचे नाहीत. थंडीत पायरीवर उभं राहून बोललं की वाक्यं आपोआप छोटी होतात.

बाकी मी ठीक. चर्चमध्ये आताशा बाक मला एकटीलाच मिळतो, ऐसपैस बसता येतं. कॅफेत गेलं की कोपऱ्यातलं टेबल लगेच मोकळं होतं. या गावात कुणाचा हात मोडला तर संध्याकाळपर्यंत ओट्यावर शेजाऱ्यांनी आणलेली झाकलेली भांडी ठेवायला जागा उरत नाही, तुला आठवत असेल. या खेपेला जागा आहे. लोक कामात आहेत, सुट्या जवळ आल्या.

लिओना आणि फ्रेड मुलाकडे गेले, दूर पश्चिमेला. ट्रक भरताना मी खिडकीतून बघत होते. बाहेर जावं असं फार वाटलं. मग वाटलं, तिने हाक मारली तर जाऊ. बहुतेक तीही तसंच म्हणत असेल.

रोआल्डची आठवण येते. त्याने मागणी घातली तेव्हा विचारलं होतं, “लोमेनलाच राहायला मिळेल म्हणून हो म्हणतेस का?” मी खरं ते सांगितलं, हो. भाऊ टेकडीवर आहे हेही सांगितलं. तो थोडा वेळ टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, “चालेल. हो तर म्हणालीस.” अशा माणसाबरोबर मी बावीस वर्षं राहिले. आमदारकीच्या खुर्चीत त्याच्या बसण्याने वाकलेला स्प्रिंग मला टोचायचा, मी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही.

आता चांगली बातमी. वसंतात सेल्मर घरी येणार. माझ्या घरी! कायद्याप्रमाणे, माझ्या सहीने. उन्हाची खोली त्याला देणार आहे.

तू येशील? एकदा तरी? तिघं एका टेबलाशी बसलो त्याला अडतीस वर्षं झाली.

सोली


लोमेन, १५ मे १९७७

प्रिय हॅल्वर,

सेल्मर आला! पलीकडच्या खोलीत झोपलाय, घोरतोय अगदी बाबांसारखा. पलंगावर पिवळी गोधडी घातली. आंघोळीला कोमट पाणी काढलं, तर म्हणाला, “लिओनाने सांगितलं?” मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी तो दाराशी उभाच राहिला. मी म्हटलं, बस ना. मग लक्षात आलं, टेकडीवर कुणीतरी बस म्हटल्याशिवाय बसायचं नसतं, आणि ऊठ म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. बसला तो जेवणापर्यंत तिथेच. फ्रिज उघडायचा नि मिटायचा त्याला फार नाद लागलाय. प्रत्येक वेळी दिवा लागतो की नाही बघतो. मी त्याला अंगणात घेऊन गेले, रुबार्बचे आंबट देठ तोडायला शिकवलं. खूप हसलो आम्ही दोघं. या घरात एवढं मोठ्याने हसलेलं बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नसेल.

ओटिस गेले, मार्चमध्ये. बातमी पेपरात वाचली. दफनाला मी गेले होते. खूप गर्दी होती, त्यामुळे कुणाशी बोलता आलं नाही.

जेवताना सेल्मर रोज विचारतो, “विल्बर जेवला का?” विल्बर म्हणजे चाकाच्या खुर्चीतला तो. त्याला एल्म फॉल्सच्या घरात जागा मिळाली आहे. मी म्हणते, हो, जेवला. मग तो जेवतो.

होईल सवय. इतकी वर्षं तिथे काढली त्याने, थोडा वेळ लागणारच.

सोली


लोमेन, २८ ऑगस्ट १९७७

प्रिय हॅल्वर,

हे पत्र लिहायचं मी टाळत होते.

जूनपासून सेल्मरने जेवण कमी केलं. ताट समोर ठेवलं की चमच्यात थोडं घ्यायचा, चमचा हवेत धरायचा, समोर कुणी तोंड उघडेल म्हणून वाट बघायचा, आणि मग खाली ठेवायचा. टेकडीवर तो विल्बरला भरवत असे. तीन वेळा, रोज, कितीतरी वर्षं. विल्बरला बोलता येत नाही, हात उचलत नाहीत. त्याला काय हवं-नको ते फक्त सेल्मरला कळायचं. मी सेल्मरला दर रविवारी भेटत होते आणि खुर्ची ढकलणारा म्हणून ओळखत होते. खुर्चीत कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, “सेल्मर, तिथे विल्बरला दुसरं कुणी भरवतं. चांगली माणसं आहेत.”

“ती भरभर भरवतात. त्याला ठसका लागतो.”

“नाही लागत. मी फोन करून विचारलं.”

“फोनवर ठसका ऐकू येत नाही.”

जुलैत तो रस्त्यावर सापडला, महामार्गाच्या दिशेने चाललेला, हातात चमचा. पोलिसाच्या गाडीतून आला. पोलीस म्हणाला, “बाई, यापेक्षा टेकडी बरी होती की नाही?” मी दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी त्याला म्हणाले, “काही महिने जाऊ देत. तू विल्बरला विसरशील.”

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. आईला ऐकवलेलं ते वाक्य कुणाचं होतं ते तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवून विचारलं. हॅल्वर, त्याच्या आयुष्यात त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, टेकडीने नाही, आणि मीही नाही. त्याच्यासाठी कायदा केला पण त्याला विचारलं नव्हतं. “सेल्मर, तुला कुठे राहायचंय?”

त्याने एक क्षणही घेतला नाही. “विल्बरकडे.”

“आणि मी?”

त्याने नीट विचार केला. मला दुखवू नये म्हणून नाही, त्याला ते येत नाही. खरंच विचार केला. “तुला हात आहेत,” म्हणाला.

काल त्याला एल्म फॉल्सला सोडून आले. साधं पांढरं घर, रस्त्याला लागून, पुढे व्हरांडा. गाडी पुरती थांबण्याआधीच त्याने दार उघडलं. विल्बर व्हरांड्यात होता. सेल्मरला बघून त्याने जो आवाज काढला, तो मी याआधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, बाळाच्या नाही की जनावराच्या नाही. सेल्मर त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू रविवारी ये.”

पिवळी गोधडी त्याच्याबरोबर दिली. घरी आल्यावर फ्रिज उघडला, मिटला.

मी काही वाईट वाटून लिहीत नाही. मला हेच हवं होतं की नाही, की त्याला हवं तिथे त्याला राहता यावं? कायद्यात हे वाक्य मीच लिहिलंय. दुसऱ्या परिच्छेदात आहे.

सोली


लोमेन, ९ एप्रिल १९७८

प्रिय हॅल्वर,

तुझं पत्र आलं. पोस्टातल्या मुलीने हातात दिलं तेव्हा मला वाटलं ती चुकली. मी तिथेच, काउंटरला टेकून वाचलं. ती म्हणाली, “वाईट बातमी आहे का, काकू?” मी म्हटलं, नाही गं, भावाचं पत्र आहे. “दोन भाऊ आहेत तुम्हाला?” हो, म्हटलं. दोन.

तू लिहितोस की बोटीवर सगळ्यांना तू सांगत आलास, मला एक धाकटा भाऊ आहे, शेतावर असतो. लिहितोस की मला उत्तर द्यायला बसायचास आणि कागदावर फक्त तारीख पडायची. ठीक आहे. मी तुझे डबे वाचत होते असं समज. आता बोट विकलीस, गुडघे गेले, आणि जूनमध्ये यायचं म्हणतोस. आणि विचारतोस, सेल्मरला मी आठवतो का?

मी बऱ्याच लोकांना बऱ्याच गोष्टी गोड करून सांगितल्या, राजकारणात ते करावंच लागतं. तुला नाही सांगणार. नाही आठवत. गेल्या रविवारी मी त्याला तुझं नाव सांगितलं, तू त्याला खांद्यावर बसवून गवताच्या गंजीवर चढायचास ते सांगितलं, त्याच्यासाठी बाबांशी भांडून गेलास तेही. त्याने ऐकलं आणि विल्बरला सफरचंदाचा गर भरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. तू ज्याच्यासाठी घर सोडलंस, तो तुला ओळखत नाही. हे तुला तिथे, पायाखाली तुझी स्वतःची जमीन असताना कळलेलं बरं. इथे बसमधून उतरून कळण्यापेक्षा.

तरी ये.

बस आता लोमेनला थांबत नाही. टेकडी रिकामी झाल्यापासून उतरणारं कुणी नसतं. एल्म फॉल्सला उतर, मी गाडी घेऊन येईन. उन्हाची खोली मोकळी आहे. गाव तुला ओळखू येणार नाही, मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद आहेत, आणि काही लोक म्हणतात ते माझ्यामुळे. त्यात थोडं खरं आहे. तू माझ्याबरोबर दिसलास तर तुझ्याशीही कुणी फारसं बोलणार नाही. पण तुला तशीही बोलायची सवय नाही.

आणखी एक. मी निघताना सेल्मर फाटकापर्यंत आला, असा तो कधी येत नाही. गाडीच्या खिडकीत वाकला आणि त्याने तुझ्याबद्दल एकच गोष्ट विचारली. मी म्हटलं, मला माहीत नाही, लिहून विचारते. वाटेत गाडी चालवताना लक्षात आलं, की हा प्रश्न मलाही केव्हापासून विचारायचा होता, धीर होत नव्हता. तेव्हा त्याच्याच शब्दांत विचारते.

किती दिवस राहणार?

सोली